ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे?

'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, ती ज्यांना मिळावयाची अशा ६,३०० हून अधिक शासकीय शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, त्यांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधक, आणि तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, असा या योजनेचा पसारा आहे. यापूर्वी संस्था प्रकाशकांशी आपापले किंवा गटागटाने सौदे करीत. श्रीमंत संस्थांना नियतकालिके मिळत आणि गरीब संस्थांना त्यांची नावे ऐकून समाधान मानावे लागे. ही विषमता कमी करण्याचा प्रयत्न झाला, याबद्दल शासनाला दोष देण्याचे कारण नाही. पहिल्या टप्प्यात शासनाच्या व्यवस्थापनाखालील संस्थाच धरल्या गेल्या आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये तर शिक्षणसंस्थांनी चालविलेली आहेत, ही तक्रार रास्त असली तरी ती वेगळी. येथे प्रश्न आहे तो ज्यांना हे दान मिळाले त्यांचा. दिल्लीत भरलेली वर्गणी गडचिरोलीतील एखाद्या संशोधक विद्यार्थ्यापर्यंत पोचते, ती कोणत्या वाटेने?

ती वाट म्हणजे त्या त्या संस्थेच्या ग्रंथालयाचे ऑनलाइन पोर्टल. ग्रंथालयातील छापील पुस्तकांची सूची, वर्गणी भरलेली नियतकालिके, संस्थेत सादर झालेले प्रबंध, संस्थेने वेळोवेळी काढलेले अहवाल व प्रकाशने, जुन्या ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या प्रती, हे सारे एका दारातून वाचकाला मिळावे, अशी ही कल्पना आहे. कल्पना सोपी आहे. तरीही विद्यापीठे, महामंडळे, मोठ्या बँका, शासकीय खाती यांच्या संकेतस्थळांवर 'ग्रंथालय' या शब्दावर बोट ठेवले, की पुष्कळदा समोर येते ते इमारतीचे छायाचित्र, ग्रंथालयाच्या वेळा, पुस्तके परत करण्याविषयीचे नियम आणि एकेकाळी चालू असलेले काही दुवे. अशा पानाला पोर्टल म्हणणे म्हणजे दाराच्या चित्राला दार म्हणण्यासारखे आहे.

यात पैशांची अडचण आहे, असे सांगण्याची प्रथा आहे. ते खरे नाही. ग्रंथालयाचे व्यवहार सांभाळणारी 'कोहा' ही संगणकप्रणाली न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या लहानशा ग्रंथालय न्यासासाठी १९९९ साली तयार झाली आणि ती साऱ्या जगाला फुकट देण्यात आली. 'कोहा' या माओरी शब्दाचा अर्थच भेट असा आहे. प्रबंध, अहवाल आणि जुने ग्रंथ साठवून ते वाचकांपुढे ठेवणारी 'डीस्पेस' ही प्रणाली अमेरिकेतील एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००२ साली अशीच खुली केली. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राची 'सोल' आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' या देशी प्रणाली आहेतच. साधनांचा तुटवडा असता तर गोष्ट निराळी होती. तुटवडा आहे तो अधिकाराचा, आणि तो नेमका कोठे आहे हे समजण्यासाठी मोठ्या संस्थेच्या पोटात ग्रंथालयाचे स्थान काय असते, ते पाहावे लागते.

मोठ्या संस्थेत ग्रंथालय हे भाडेकरूसारखे नांदत असते. पोर्टल ज्या सर्व्हरवर चालावयाचे, तो संगणक विभागाच्या ताब्यात. सदस्यांची यादी कुलसचिवांच्या कार्यालयात. पैसे वित्त व लेखा अधिकाऱ्याच्या सहीशिवाय हलत नाहीत. संकेतस्थळ कसे दिसावे हे ठरविणारा कंत्राटदार, आणि तो निवडला जातो सर्वांत कमी दराच्या निविदेवरून. वाचकाला पुस्तक मिळाले नाही, तर जाब मात्र ग्रंथपालाला विचारला जातो. एका कामाचे चार धनी असले आणि त्यांतील एकालाही ते काम आपले वाटत नसले, म्हणजे जे होते तेच येथे झाले आहे.

साधी प्रवेशाची गोष्ट घ्यावी. प्रकाशकाचा संगणक वाचकाला चेहऱ्याने ओळखत नाही. तो ओळखतो संस्थेच्या आवाराचा इंटरनेटवरचा क्रमांक. आवारात बसलेल्या माणसाला लेख ताबडतोब मिळतो. तोच माणूस संध्याकाळी घरी गेला की त्याच लेखासाठी त्याच्याकडे डॉलरमध्ये किंमत मागितली जाते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयांना टाळी लागली, तेव्हा कितीतरी अध्यापकांना हे प्रथमच उमगले. यावर उपाय आहेत आणि ते नवे नाहीत. वाचकाची विनंती संस्थेच्या संगणकामार्फत पुढे पाठविता येते; किंवा प्रकाशकाने संस्थेला 'हा तुमचा माणूस आहे काय?' असे विचारावे आणि संस्थेने 'होय' म्हणावे, अशी व्यवस्था करता येते. इन्फ्लिबनेटने 'इन्फेड' या नावाने देशातील संस्थांसाठी ही दुसरी व्यवस्था उभी करून ठेवली आहे. पण 'होय' म्हणण्यासाठी संस्थेला आपली माणसे ठाऊक हवीत. म्हणजे सगळी विद्वत्ता, सगळे तंत्रज्ञान आणि सहा हजार कोटी रुपये अखेर येऊन थांबतात ते एका यादीशी. विद्यार्थ्याने शुल्क भरले, त्याचा प्रवेश निश्चित झाला, पात्रता विभागाने कागदपत्रे तपासली, त्याला कायम नोंदणी क्रमांक मिळाला, आणि मग केव्हातरी कोणीतरी ही नावे ग्रंथालयाकडे पाठविली, तर त्याच्या नावाने पासवर्ड निघणार. यादी महिनाभर उशिरा आली तर विद्यार्थ्याचा महिना गेला. ती आलीच नाही तर वर्ष गेले. ही यादी रोजच्या रोज आपोआप ग्रंथालयाकडे जावी, असे करणे संगणकाला अवघड नाही. ते करण्याचा हुकूम मात्र ग्रंथपाल देऊ शकत नाही. तो कुलगुरू किंवा कुलसचिवच देऊ शकतात.

ज्या ठिकाणी असा हुकूम दिला गेला, तेथे काय घडते याची दोन उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. त्यांतले पहिले ग्रंथालयाचे नव्हे, कचेरीचे आहे; पण ते बोलके आहे. महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला, की तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे आणि त्याचा संगणक संकेतांक अमुक असल्याचे त्याच निर्णयाच्या शेवटी नमूद केलेले असते. जिल्हा परिषदेच्या किंवा शाळेच्या कार्यालयातील लिपिकाला या लांबलचक आकड्याचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. वरिष्ठांशी पत्रव्यवहार करताना, वेतननिश्चितीच्या वादात, सेवापुस्तकातील नोंदीसाठी तो आकडाच कामाला येतो. ही पद्धत रुजली याचे कारण ती निर्णय काढण्याच्या कामातच गोवली गेली आहे. संकेतांक नंतर सवडीने द्यावयाचा असता, तर तो कधीच दिला गेला नसता.

दुसरे उदाहरण प्रबंधांचे. पीएच.डी.चे प्रबंध पूर्वी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका कपाटात बंद असत. परीक्षकांखेरीज ते कोणी वाचत नसे आणि त्यामुळे एकाचा प्रबंध दुसऱ्याच्या नावावर खपविणे फारसे कठीण नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या विनियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर आज काही लाख प्रबंध कोणालाही वाचता येतात. त्यांतील सर्वच वाचण्याजोगे आहेत असे नाही. किंबहुना ते वाचता येऊ लागल्यामुळेच कित्येकांची योग्यता कळून आली, हाही शोधगंगेचा एक उपकार मानावा लागेल! येथेही गमक तेच. पदवी मिळविण्याच्या वाटेवरच ग्रंथालयाचे नाके बसविले गेले, म्हणून ग्रंथालय भरले. ज्या विद्यापीठांनी आपले वार्षिक अहवाल, व्याख्यानमालांची पुस्तके, बंद पडलेली संशोधनपत्रिका, जुने अभ्यासक्रम यांच्यासाठी असे नाके बसविले नाही, त्यांच्या पोर्टलवर हे साहित्य शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. विद्यापीठाला स्वतःचाच इतिहास मग रद्दीच्या दुकानात शोधावा लागतो.

तथापि साहित्य भरले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते कसे भरले जाते, याला अधिक महत्त्व आहे आणि या बाबतीत भारताने एक मोठा धडा बरीच किंमत मोजून घेतलेला आहे. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प या शतकाच्या आरंभी हाती घेण्यात आला. प्रा. राज रेड्डी आणि प्रा. एन. बालकृष्णन् यांच्यासारखी मोठी माणसे त्यामागे होती. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी त्यात रस घेतला होता. दहा लाख पुस्तकांचे स्वप्न पाहिले गेले आणि लाखो पुस्तके खरोखरच स्कॅन झाली. मराठीतील असंख्य दुर्मिळ ग्रंथ त्यांत होते. हे काम यंत्राच्या दृष्टीने अचाट होते. ग्रंथालयाच्या दृष्टीने मात्र ते अर्धवट राहिले. मराठी शीर्षके कोणीतरी कानाला वाटेल तशी रोमन अक्षरांत लिहिली. लेखकाच्या जागी प्रकाशक आणि प्रकाशकाच्या जागी लेखक गेला. सन चुकला किंवा गाळला गेला. काही पुस्तकांची पाने गहाळ, तर काहींची दोनदा. पुस्तक तेथे आहे, पण ते सापडत नाही, अशी विलक्षण अवस्था निर्माण झाली. मराठीच्या अभ्यासकांनी हे भांडार वापरले ते सूचीच्या आधारे नव्हे, तर एकमेकांना दुवे पाठवून, जणू चोरवाटांनी.

त्यातच स्वामित्वहक्काचा प्रश्न आला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. साठावे वर्ष संपले की पुढच्या १ जानेवारीला ते लेखन सर्वांसाठी मुक्त होते. मर्ढेकर १९५६ साली वारले, म्हणून त्यांचे साहित्य २०१७ च्या आरंभी मुक्त झाले. आचार्य अत्रे १९६९ साली वारले, त्यांचे २०३० च्या आरंभी होईल. तेव्हा एखादे पुस्तक लोकांपुढे ठेवावे की नाही, हे ठरविण्यासाठी त्याच्या लेखकाचे निधनवर्ष सूचीत असावे लागते. ज्या सूचीत लेखकाचे नावच धड नाही, तेथे निधनवर्षाची अपेक्षा कोणी करावी? हक्क असलेली आणि नसलेली पुस्तके एकाच ढिगात मिसळली गेली, तक्रारी आल्या, आणि पुढे ते संकेतस्थळच बंद झाले. त्यातील पुष्कळशी पुस्तके आज वाचावयास मिळतात ती अमेरिकेतील 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थेच्या कृपेने. भारताच्या पैशाने स्कॅन झालेला मराठी ग्रंथ भारतीय वाचकाला परक्याच्या कपाटातून घ्यावा लागतो, याचे मूळ सूचीकाराला गौण मानण्यात आहे. त्यानंतर आयआयटी खरगपूरने उभारलेल्या आणि जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालया'ने वेगळी वाट धरली. पुस्तके ज्या त्या संस्थेकडे ठेवून त्यांच्या नोंदी एकत्र आणण्यावर भर देण्यात आला. ही वाट शहाणपणाची आहे. पण नोंदी ज्या संस्थेकडून यावयाच्या, तिच्याकडेच त्या नीट नसतील, तर राष्ट्रीय ग्रंथालय त्या कोठून आणणार? फिरून गाडी येते ती संस्थेतल्या ग्रंथालयाशी आणि तेथे सूची करणाऱ्या माणसाशी.

इंग्रजी ग्रंथांच्या बाबतीत हा माणूस नसला तरी निभावते. नोंदी जगात कोठेतरी तयार असतात आणि त्या उतरवून घेता येतात. मराठीला ती सोय नाही. मराठी ग्रंथाची नोंद मराठी माणसानेच करावी लागते, आणि तिच्यात किती खाचखळगे आहेत याची कल्पना पोर्टलसाठी निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्याला सहसा नसते. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या साधनांच्या खंडांचेच पाहावे. १८९८ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या या खंडांचे नाव 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' असे आहे. आजचा विद्यार्थी 'इतिहासाची साधने' असे लिहून शोधणार, कारण न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी निघून गेले आहेत. मुद्दाम तशी सोय करून ठेवली नसेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन अनुस्वार म्हणजे दोन निराळी अक्षरे, आणि राजवाड्यांचे बावीस खंड ग्रंथालयात असूनही विद्यार्थ्याला उत्तर मिळते की असे पुस्तक नाही. 'कवि' आणि 'कवी', 'बुद्धि' आणि 'बुद्धी', 'सूचि' आणि 'सूची' यांची गत तीच. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची करण्यासाठी आयुष्य वेचले. त्या शब्दाची वेलांटी ऱ्हस्व लिहावी की दीर्घ, एवढ्या कारणासाठी सूचीच सापडू नये, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

जुन्या-नव्या लेखनाचा भेद बाजूला ठेवला, तरी एकाच काळातले घोळ कमी नाहीत. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी साठविता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे वाटतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती अशा नाना टंकांत जुळविलेला मजकूर छापल्यावर सुंदर मराठी दिसतो आणि शोधू गेल्यास निरर्थक चिन्हांची रांग ठरतो. रोमन लिपीत नोंद करावी म्हटले, तर 'ज्ञानेश्वरी'तील पहिले अक्षर कोणी डी-एन-वाय असे लिहितो, कोणी जे-एन, तर हिंदीची सवय असलेला जी-वाय. नावांची कथा तर याहून मोठी. विष्णु वामन शिरवाडकर यांनी नाटके आपल्या नावाने लिहिली आणि कविता कुसुमाग्रज या नावाने. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले आणि विनोदात बाळकराम. ही नावे एकाच माणसाची आहेत, हे सूचीत कोणीतरी जोडून ठेवावे लागते. ते न केल्यास 'शिरवाडकर' असे शोधणाऱ्याला अर्धा लेखक मिळतो आणि तोच पूर्ण आहे असे त्याला वाटते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी प्रमाणनावांची पद्धत आहे. जुने सूचीकार ती कार्डांवर पाळीत असत. कार्डांची कपाटे भंगारात गेली, आणि अनेक ठिकाणी त्यांच्याबरोबर ती शिस्तही गेली.

डॉ. रंगनाथन् यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचे आहे. मराठी वाचकाचा वेळ वाचविणे हे आज संगणक अभियंत्याच्या एकट्याच्या आवाक्यातले काम नाही. त्याला मराठी जाणणारा, जुने ग्रंथ हाताळलेला, वर्गीकरण आणि सूचीकरण शिकलेला माणूस शेजारी हवा, आणि कोणता शब्द कोणत्या शब्दाशी जोडावा याबाबतीत त्या माणसाचा शब्द अखेरचा हवा.

असे होते तेव्हा काम कसे उभे राहते, हे पाहण्यासाठी पुण्याच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाला भारत सेवक समाजाच्या ग्रंथसंग्रहाचा वारसा आहे. या ग्रंथालयाने आपल्याकडील हजारो दुर्मिळ ग्रंथ आणि अहवाल 'डीस्पेस'वर चढवून कोणालाही उघडता येतील असे ठेवले. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलावर किंवा दुष्काळावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यामुळे पुण्याची वारी करावी लागत नाही. संस्था मोठ्या विद्यापीठांच्या मानाने लहान आहे. कदाचित म्हणूनच तेथे ग्रंथालय आणि संस्था यांच्यात फार दालने आणि फार टेबले आडवी आली नसावीत.

मोठ्या संस्थांत काय होते? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्यापीठाच्या ग्रंथपालाला ज्ञानस्रोत केंद्राचा संचालक केले. ग्रंथालयाच्या पाट्या बदलल्या. पुण्याच्या जयकर ग्रंथालयाचेही जयकर ज्ञानस्रोत केंद्र झाले. नाव भारदस्त आहे. पण संचालकाला सर्व्हर, सदस्यांची यादी आणि सूचीकारांच्या नेमणुका यांपैकी कशावर हुकमत मिळाली, याचे उत्तर पाटीवर लिहिलेले नाही. महाविद्यालयांची स्थिती याहून केविलवाणी आहे. ग्रंथपाल निवृत्त झाला की पद रिकामे राहावे, कार्यभार एखाद्या अध्यापकाकडे किंवा साहाय्यकाकडे सोपवावा, आणि 'नॅक'ची समिती येणार असे कळले की पंधरा दिवसांत पोर्टल उभे राहावे, हा क्रम शिक्षणक्षेत्रात कोणाला अपरिचित नाही. मूल्यांकनाच्या निकषांत ग्रंथालयाच्या संगणकीकरणाविषयी प्रश्न असतात, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरे तयार केली जातात. समिती चहापान करून परत गेली, की पोर्टलही विश्रांती घेते.

कंत्राटदाराबद्दल येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. कारण निविदेचा कागद हाच पुष्कळ ठिकाणी पोर्टलचा खरा शिल्पकार ठरतो. संस्थेचे संकेतस्थळ दर काही वर्षांनी नव्याने केले जाते. नवा कंत्राटदार नवे रंग आणतो, सरकती चित्रे आणतो आणि पानांचे पत्ते बदलून टाकतो. जुन्या पत्त्यांवर ज्यांनी भिस्त ठेवली, संशोधनलेखांच्या तळटीपांत ते ज्यांनी छापले, त्यांच्या हाती 'पान सापडत नाही' एवढी सूचना उरते. ग्रंथालयातील पुस्तकाचा दाखल क्रमांक दर पाच वर्षांनी बदलला तर त्याला कोणी शहाणपणा म्हणणार नाही. संगणकावर मात्र हेच नूतनीकरण या नावाने खपते. 'डीस्पेस'सारख्या प्रणालीत प्रत्येक ग्रंथाला कायमचा क्रमांक देण्याची व्यवस्था मुळातच आहे. यंत्र बदलले, पत्ता बदलला, तरी तो क्रमांक वाचकाला योग्य जागी नेतो. परंतु जुना क्रमांक नव्या जागेशी जोडून ठेवण्याचे काम करारात लिहिलेले नसेल, तर ते कोणी करीत नाही. कंत्राटदाराचाही त्यात दोष नाही. जे मागितलेच नाही, ते कमी दराच्या निविदेत तो का देईल?

ग्रंथालयांना कोणाच्या पदराखाली ठेवावे, हा विचार या भागात पूर्वी झालेलाच नाही असे मात्र नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले आणि संस्थानात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले. मराठी, गुजराती व इंग्रजी ग्रंथ एका व्यवस्थेखाली आले, ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला, आणि पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. बॉर्डन तीनच वर्षे राहिले. व्यवस्था पुढे चालू राहिली, कारण ती एका कर्तबगार पाहुण्याच्या उत्साहावर सोडलेली नव्हती. खाते होते, पदे होती, वार्षिक तरतूद होती. फिरत्या पेटीची जागा आज पोर्टलने घेतली आहे, परंतु त्या पेटीत कोणती पुस्तके घालावीत आणि ती कोठे पाठवावी, हे संस्थानाच्या बांधकाम खात्याने ठरवावे असे महाराजांना सुचले नव्हते. आजच्या विद्यापीठांत ग्रंथालयाच्या पोर्टलचा निर्णय संगणक विभागाची खरेदी समिती घेते, तेव्हा त्याहून वेगळे काय होते?

संगणक विभागाला वगळून हे काम होईल, असाही याचा अर्थ नाही. सर्व्हर सुरक्षित ठेवणे, प्रती काढून ठेवणे, घुसखोरी रोखणे ही त्याची कामे आहेत आणि ती ग्रंथपालाला येत नाहीत. पण घर बांधणारा गवंडी आणि घरात राहणारा यांच्यात जो फरक असतो तो संस्थेने कागदावर मान्य केला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा नको, नवे मंडळही नको. व्यवस्थापन परिषदेच्या एका ठरावाने पोर्टलची मालकी ग्रंथालयाकडे देता येते आणि इतर विभागांनी त्याला कोणत्या मुदतीत काय पुरवावे हे ठरविता येते.

राज्यातील विद्यापीठांचे अर्थसंकल्प मार्च महिन्यात अधिसभांपुढे येतात. ई-साहित्याच्या तरतुदीचा आकडा दरवर्षी वाढलेला असतो आणि सदस्य तो समाधानाने संमत करतात. त्या आकड्याच्या बरोबरीने, मराठी सूचीकारांची किती पदे मंजूर आहेत आणि त्यांतली किती भरलेली आहेत, असा प्रश्न एखाद्या अध्यापक सदस्याने विचारावयास हरकत नाही. नव्या विद्यार्थ्यांची यादी गेल्या वर्षी कोणत्या तारखेला ग्रंथालयाकडे पोचली, हेही विचारता येईल. त्याचे उत्तर आवक-जावक नोंदवहीत तयार असते. आणि संकेतस्थळाच्या नूतनीकरणाची निविदा त्याच बैठकीच्या कागदपत्रांत असेलच, तर जुने पत्ते जिवंत ठेवण्याची अट तिच्यात कोणत्या कलमाखाली आहे, हे कुलसचिवांना त्याच वेळी वाचून दाखविण्यास सांगावे.